पन्नास हजार प्रेक्षक आणि एक पुठ्ठा

टेबलावरच्या ग्लॅडिएटरला सगळ्यांत जास्त भीती असते ती लोणच्याच्या बरणीची.

एका बाजूला जाळं आणि त्रिशूळ घेतलेला रेटिअरियस उभा असतो, समोर गुळगुळीत शिरस्त्राणातला सेक्युटर. दोघेही २८ मिलिमीटरचे. त्यांना रंगवण्यात कित्येक रात्री गेलेल्या असतात. छंदिष्ट गृहस्थ श्वास रोखून मोबाईलवर फोटो काढतो. फोटोत जाळ्याची गाठ न् गाठ दिसते, सेक्युटरच्या खांद्यावरचा घाम दिसतो, आणि दोघांच्या मागे कैरीच्या लोणच्याची बरणीही दिसते, लेबलासकट. २८ मिलिमीटरचा बाहुला म्हणजे खऱ्या माणसाचा साधारण साठावा भाग. या हिशेबाने पंधरा सेंटिमीटरची बरणी नऊ मीटर उंच होते. अख्ख्या रोमन साम्राज्यात एवढं लोणचं एका जागी मुरलं नसेल.

फोटो मित्रांच्या ग्रुपवर जातो. "जाळं भारी जमलंय," असं एक जण लिहितो. दुसरा विचारतो, "लोणचं घरचं का?" पुढचा तासभर ग्रुपवर फक्त लोणचं. बाहुल्यांच्या मागे काहीतरी उभं करायलाच हवं, हे गृहस्थाला तेव्हा उमगतं, आणि घरातल्या शांततेचा तिथेच शेवट होतो.

हा छंद तसा जुना आणि प्रतिष्ठित आहे. एच. जी. वेल्स या थोर लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून मोठ्या माणसांना जमिनीवर पालथं पडून खेळण्यातले सैनिक लढवण्याचे रीतसर नियम घालून दिले. स्प्रिंगच्या तोफेतून गोळा सोडायचा आणि समोरचे शिपाई पाडायचे. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा वेल्सच्या खेळातली लढाई किती शहाणी होती ते जगाला कळलं. आज या उद्योगाची राजधानी इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम आहे. गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय तिथे, वॉरलॉर्ड गेम्स तिथे, आसपास बाहुले ओतणारे आणखी कितीतरी लहानमोठे कारखाने. त्या पट्ट्याला छंदिष्ट मंडळी अभिमानाने 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा, म्हणतात. रॉबिन हूडच्या गावात आता श्रीमंतांना लुटायला कुणी जंगलात दबा धरत नाही. बाहुल्यांच्या दुकानात ते सगळे रांगेत उभे राहून स्वतःहून लुटून घेतात.

आपला गृहस्थ याच गावात राहतो. मूळचा पुण्याचा, नोकरी सॉफ्टवेअरची, घर तीन खोल्यांचं. घरात बायको, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आई, आणि एक मांजर.

ग्लॅडिएटरचा खेळ त्याने निवडला तो काटकसरीपोटी. वॉटर्लू मांडायची तर शेकडो शिपाई लागतात, घोडे लागतात, तोफा लागतात, आणि प्रत्येक शिपायाच्या कोटाला बटणं असतात. ग्लॅडिएटरच्या खेळात दोन माणसांत भागतं, आणि तीही बहुतेक उघडी. अ‍ॅव्हलॉन हिल या अमेरिकन कंपनीने १९८१ साली 'ग्लॅडिएटर' नावाचा खेळ काढला, तेव्हापासून नियमांची चणचण नाही. लंडनला एक्सेलमध्ये 'सॅल्यूट' नावाची जी मोठी जत्रा भरते तसल्या ठिकाणी ग्लॅडिएटरचं टेबल हमखास गर्दी खेचतं. येणाऱ्याच्या हातात एक बाहुला द्यायचा, अर्ध्या तासात तो मेला, की पुढचं गिऱ्हाईक. "दोनच तर बाहुले आहेत," असं गृहस्थाने बायकोला सांगितलं होतं. ते अक्षरशः खरं होतं. बाहुल्यांवर वाचलेले पैसे मागच्या देखाव्याकडे वळणार आहेत, हे त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

देखावा म्हटलं की पहिलं नाव सुचतं कोलोसियमचं. व्हेस्पेसियन बादशहाने बांधायला काढलं, मुलगा टायटस याने इसवी सन ८० मध्ये शंभर दिवसांचा सोहळा करून उघडलं. बाहेरून लांबी सुमारे १८९ मीटर, रुंदी १५६, उंची ४८ च्या घरात. प्रेक्षक किती बसत याचे अंदाज पन्नास हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत जातात. गृहस्थाने कॅल्क्युलेटर काढला आणि सगळ्याला साठाने भागलं.

"तीन मीटर पंधरा सेंटिमीटर बाय दोन मीटर साठ," त्याने जाहीर केलं. "उंची जेमतेम ऐंशी सेंटिमीटर."

बायकोने हॉलकडे एक नजर टाकली. "मग आपण राहायचं कुठे?"

"आतून पोकळ असणार ना," तो म्हणाला.

फक्त आतलं मैदान केलं तरी १३८ बाय ८० सेंटिमीटर होत होतं. जेवणाचं टेबल १५० बाय ९०. चारी बाजूंनी काठावर पाच-सहा सेंटिमीटर उरत होते, त्यात वाटी बसते, ताट बसत नाही, असं आईने वाटी ठेवून दाखवलं.

असल्या वेळी माणूस इतिहासात आपल्यासारखा वेडा शोधतो. तो सापडतोच. कार्लो लुकांजेली नावाच्या इटालियन कारागिराने १७९० साली कोलोसियमची लाकडी प्रतिकृती करायला घेतली. प्रमाण नेमकं एकास साठ, म्हणजे आपल्या गृहस्थाचे बाहुले तिच्यात मापात बसले असते. १८१२ साली लुकांजेली वारला तोवर, बावीस वर्षं, तो तेच करत होता. गृहस्थाने ही हकिकत घरात मोठ्या कौतुकाने सांगितली. बायकोने फक्त एक प्रश्न विचारला, "त्याची बायको काय करत होती?" इतिहासाच्या पुस्तकांत असल्या महत्त्वाच्या गोष्टी नसतात.

अखेर तडजोड झाली. पूर्ण कोलोसियम रद्द. एकच बाजू करायची: मागे उभा राहील असा अर्धगोल तुकडा, मैदानाची भिंत, वर प्रेक्षकांच्या रांगा, त्यावर आभाळ. सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे छापून आणणे. गृहस्थाने कोलोसियमच्या आतला एक भव्य फोटो निवडला, दुकानातून मीटरभर लांब छापून आणला आणि पुठ्ठ्यावर चिकटवला. बाहुले पुढे मांडले. मग लक्षात आलं की कोलोसियम आता पडकं आहे. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेची बाहेरची भिंत कोसळली, त्यानंतर कित्येक वर्षं लोक तिथले दगड उचलून घरं-वाडे बांधत होते. मैदानाची फळ्यांची जमीन गेली, खालच्या तळघरातल्या भिंती उघड्या पडल्या. शिवाय या फोटोत ठळक दिसत होते ते पर्यटक. सेक्युटरच्या शिरस्त्राणामागे एक बाई टोपी घालून सेल्फी काढत होती आणि रेटिअरियसच्या त्रिशुळाच्या टोकाशी कुणाचा तरी लहान मुलगा आइस्क्रीम खात होता.

"हे कुठल्या सालातलं?" एका मित्राने विचारलं.

"८० सालातलं," गृहस्थ म्हणाला.

"१९८०?"

मग रोम सोडून पॉम्पेईला जायचं ठरलं. पॉम्पेईचं रंगमंडळ कोलोसियमपेक्षा दीडशे वर्षांनी थोरलं, इसवी सनापूर्वी ७० च्या सुमाराचं, टिकून राहिलेल्या दगडी रंगमंडळांत सगळ्यांत जुनं. आकाराने लहान, त्यामुळे पुठ्ठा कमी. आणि मुख्य म्हणजे त्याचं त्या काळातलंच चित्र उपलब्ध आहे. इसवी सन ५९ मध्ये पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुकेरियाचे लोक खेळ बघायला जमले, आधी टोमणे, मग दगड, मग तलवारी अशी दंगल झाली. रोमन इतिहासकार टॅसिटसने ती लिहून ठेवली आहे. रोमच्या सिनेटने पॉम्पेईत असले खेळ दहा वर्षं बंद केले.

"दहा वर्षं?" बायको म्हणाली. "कायदा चांगला होता."

त्या दंगलीचं भित्तिचित्र पॉम्पेईतल्या एका घरात सापडलं आणि आता ते नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. गृहस्थाने ते मोठं करून संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि आईला दाखवलं. चित्रकाराने रंगमंडळ एकाच वेळी बाहेरूनही दाखवलंय आणि वरून आतूनही. बाहेरचा दुहेरी जिना दिसतो, आतली मारामारीही दिसते, वर ताणलेलं छत दिसतं, झाडांखालच्या टपऱ्याही दिसतात. आणि माणसं? माणसं इमारतीच्या मानाने अवाढव्य. एकेक जण जिन्याच्या पायरीवर पाऊल ठेवील तर जिनाच खचेल.

आई म्हणाली, "हा दिवाळीतला किल्ला आहे."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर मावळा नेहमीच महादरवाजापेक्षा उंच असतो. वाघ बुरुजाएवढा असतो, शेजारी अळिवाचं जंगल माजलेलं असतं, पायथ्याशी विहिरीवर गवळण आणि तिच्यामागे प्लॅस्टिकची मोटार. महाराज सिंहासनावर बसतात ते अख्खा बालेकिल्ला व्यापून. आजवर एकाही मावळ्याने प्रमाणाबद्दल तक्रार केलेली नाही आणि एकाही बघणाऱ्याने पट्टी काढलेली नाही. पॉम्पेईच्या चित्रकारानेही तेच केलं: जे महत्त्वाचं ते मोठं. प्रस्तुत लेखकाच्या मते सबंध प्रकरणात एवढा एकच शहाणपणाचा विचार मांडला गेला, आणि तो ज्यांनी मांडला त्या पुन्हा भाजी निवडायला निघून गेल्या.

गृहस्थ मात्र प्रमाण सोडायला तयार नव्हता. तो सॉफ्टवेअरमधला.

भिंतीसाठी थर्माकोल लागला. त्या दिवसांत घरात नवा टीव्ही आला, तो काही पडद्यासाठी घेतलेला नव्हता, खोक्यातल्या थर्माकोलसाठी घेतलेला होता, असं घरातले अजून म्हणतात. गृहस्थाने थर्माकोल कापला, दगडांच्या सांध्यांच्या रेषा पेनने दाबून काढल्या, कमानी कोरल्या. काम खरोखर देखणं झालं. मग त्याने गाडीला मारायचा रंगाचा फवारा घेतला आणि लांबून, हलक्या हाताने, एकसारखा मारला.

फवाऱ्यात जे द्रावण असतं ते थर्माकोल विरघळवतं. ही गोष्ट रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे, डब्याच्या मागे बारीक अक्षरात आहे, आणि या छंदातल्या प्रत्येक माणसाच्या आठवणीत आहे, कारण प्रत्येकाने ती एकदा डोळ्यांनी पाहिलेली असते. भिंत आधी चमकली. मग फसफसली. मग रोमन स्थापत्याची दोन हजार वर्षं तिने दोन मिनिटांत उरकली. उरली ती खड्ड्याखड्ड्यांची, खंगलेली, पिवळट वस्तू. गृहस्थाने हार मानली नाही. "खऱ्या कोलोसियमच्या भिंतीलाही अशीच भोकं आहेत," तो म्हणाला. "दगड जोडायला लोखंडी पकडी होत्या, मध्ययुगात लोकांनी त्या उकरून नेल्या."

"पण आपण पॉम्पेई करतोय ना?" बायको म्हणाली.

दुसरी भिंत पुठ्ठ्याची झाली. पुठ्ठ्याला एका बाजूने गोंद आणि पाण्यातला रंग लावला की तो वाळताना त्या बाजूला वळतो. भिंत अर्धगोल हवीच होती, त्यामुळे गृहस्थ खूश झाला. पण पुठ्ठा आपल्या मनाने वळतो, नकाशाप्रमाणे नाही. सकाळी पाहिलं तर भिंत उलट्या दिशेला वळून प्रेक्षकांनी मैदानाकडे पाठ फिरवली होती. आता मागच्या बाजूलाही तेवढाच गोंद लावायचा असतो, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. हे कळेपर्यंत घरातला सगळा पुठ्ठा संपला होता आणि आईने पुण्याहून आणलेल्या पापडांचा खोका नाहीसा झाला होता. पापड सापडले, पॉम्पेईच्या पाठीला फक्त 'हाताळताना सांभाळा' असं लाल अक्षरांत उरलं.

वाळूची कथा वेगळी. समुद्रावरच्या वाळूचा कण अर्ध्या मिलिमीटरचा धरला तर साठपट करून तीन सेंटिमीटरचा होतो. म्हणजे खरी वाळू पसरली की ग्लॅडिएटर खडीवर लढतात, अनवाणी. म्हणून वाळूपेक्षा बारीक काहीतरी हवं. आईने सुचवलं, रांगोळी. गृहस्थाने तिच्यात पिवळी माती मिसळली, चाळली आणि ताटात पसरली. रंग हुबेहूब इटलीतल्या उन्हाचा आला. ते ताट त्याने रात्री टेबलावर तसंच ठेवलं.

बारीक, कोरडी, मऊ वाळू भरलेलं उथळ ताट मांजराच्या दृष्टीने एकाच कामाचं असतं.

रोमन लोक सकाळच्या सत्रात जनावरांच्या शिकारी दाखवत, दुपारी गुन्हेगारांना मारत आणि ग्लॅडिएटर संध्याकाळकडे आणत. टायटसच्या शंभर दिवसांत नऊ हजार जनावरं मारली गेली असं इतिहासकार डिओ कॅसियस लिहितो. आपल्या घरी सकाळच्या सत्रात एकच जनावर आलं. खांद्यापर्यंत पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे साठपट केलं तर पंधरा मीटर उंच, आणि त्याचं कुणी काही करू शकलं नाही. रेटिअरियस गाडला गेला. सेक्युटर वाचला, पण त्याच्याबद्दल अधिक न लिहिलेलं बरं.

या सगळ्यात प्रेक्षक अजून रंगायचे होते, आणि खरा जीव तिथेच जातो. पन्नास हजार कुठून आणायचे? इथे मात्र गृहस्थाला मोठमोठ्यांची सोबत होती, कारण गर्दी खोटी करण्याची परंपरा थोर आहे. १९२५ च्या 'बेन-हर' चित्रपटात रथांच्या शर्यतीसाठी प्रेक्षागृहाचा खालचा भाग खराखुरा बांधला, वरचे मजले मात्र कॅमेऱ्यापुढे टांगलेली छोटी प्रतिकृती. तिच्यात हजारो इटुकल्या बाहुल्या बसवल्या होत्या, त्या यंत्राने उभ्या राहून हात हलवत. १९९९ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये शर्यतीच्या मैदानातली दूरची गर्दी म्हणून सुमारे साडेचार लाख कान साफ करायच्या काड्या रंगवून खोचल्या आणि खालून पंखे लावून त्या डुलवल्या. २००० साली रिडली स्कॉटने 'ग्लॅडिएटर'साठी माल्टाच्या फोर्ट रिकासोलीत कोलोसियमचा खालचा काही भाग उभारला, वरचा सगळा संगणकावर काढला. कोट्यवधी डॉलर हाताशी असलेल्या माणसांनीही पूर्ण कोलोसियम बांधलं नाही, हे गृहस्थाने बायकोला वाचून दाखवलं.

"त्यांना कळलं," ती म्हणाली.

काड्यांचा उपाय त्याला पटला. कापसाचं बोंड पाच मिलिमीटरचं, साठपट केलं की तीस सेंटिमीटरचं डोकं. थोडं मोठंच, पण सत्ताधाऱ्यांच्या नातेवाइकांत चालून जाईल. अडचण एवढीच की कापूस रंग पितो आणि फुगतो. वाळल्यावर पहिल्या तीन रांगांना गालगुंड झालेले दिसले. मग छापील गर्दी. गृहस्थाने एका क्रिकेट सामन्याच्या प्रेक्षकांचा फोटो घेतला, धूसर केला, तपकिरी केला. लांबून रोमन वाटत होते. जवळून बघितलं तर तिसऱ्या रांगेत एकाने चौकाराचा फलक उंचावलेला होता आणि दोघांच्या गालांवर तिरंगा होता. आईला तेवढी रांग फार आवडली. मग तिने विचारलं, "आणि पंच कुठाय?" हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. ग्लॅडिएटरच्या लढतीला खरोखर पंच असत. रोमन फरशीचित्रांत अंगरख्यातले, हातात काठी घेतलेले पंच लढणाऱ्यांच्या शेजारी उभे दिसतात. हाणामारी फार झाली तर ते थांबवत. सिनेमावाल्यांनी त्यांना वगळलं, कारण पंच मधे पडला तर नायक तिसऱ्या मिनिटाला घरी जातो.

शेवटी गर्दी हाताने रंगवायची ठरली: कोऱ्या पुठ्ठ्यावर ठिपके. ठिपके म्हटले की सोपं वाटतं. पण ऑगस्टस बादशहाने कुणी कुठे बसायचं ते ठरवून दिलं होतं, आणि बादशहांचा चरित्रकार सुएटोनियसने ते सविस्तर नोंदवलं आहे. पहिली रांग सिनेटरांची. शिपाई वेगळे, नागरिक वेगळे. लग्न झालेले सामान्य पुरुष त्यांच्या रांगांत, पोरं त्यांच्या भागात आणि त्यांचे मास्तर त्यांच्या शेजारी. गडद कपड्यांतल्यांना मधल्या भागात मज्जाव. बायका सगळ्यांत वर, सगळ्यांत मागे.

"सगळ्यांत मागे?" बायकोने विचारलं.

"त्या काळचा नियम होता."

"आणि डोळे चांगले असलेल्या बायकांना तिथून काय दिसायचं?"

"गर्दी," गृहस्थ म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "पुरुषांची टक्कलं."

म्हणजे खाली पांढरे ठिपके, मधे पांढरे पण जरा मळके, वर राखाडी आणि तपकिरी. रंगाने वर्गव्यवस्था करायची आणि ती दीड मीटरवरून ओळखू यायला हवी. गृहस्थाने पहिल्या रांगेतल्या सिनेटरांना नाकंसुद्धा काढली. मागच्या लोकांना एकेक ठिपका. प्रस्तुत लेखकाला यात आजच्या सभागृहांचा भास झाला, पण तो विषय निराळा.

बादशहाच्या खास जागेवर गाडी पुन्हा अडली. बादशहाने अंगठा वर करायचा की खाली? आपण सगळे जो खाली केलेला अंगठा मनात धरून असतो तो ज्याँ-लेओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराचा, १८७२ च्या चित्रातला. ते चित्र आज अमेरिकेत फिनिक्सच्या कलासंग्रहालयात आहे, आणि रिडली स्कॉट आपल्या सिनेमाकडे वळला तो तेच चित्र पाहून. रोमन लोक प्रत्यक्षात अंगठा कुठे वळवत, यावर विद्वानांचं एकमत नाही. २८ मिलिमीटरच्या मापात अंगठा एक मिलिमीटरचा होतो. गृहस्थ तीन शून्यांचा ब्रश घेऊन, भिंगाखाली, तो एक मिलिमीटर रंगवत बसला. विद्वानांचा मान राखायचा म्हणून त्याने अंगठा वर न खाली, आडवा काढला. फोटोत बादशहा लिफ्ट मागताना दिसतो.

आभाळ सगळ्यांत शेवटी. आभाळ रंगवायला सोपं, क्षितिजाकडे फिकट आणि वर गडद, एवढं ज्याला कळतं त्याला जमतं. व्हेसुव्हियसचा डोंगर त्याने मागे काढला आणि त्यातून धूर काढायचा मोहही त्याला झाला. पण दंगल ५९ ची, स्फोट ७९ चा. वीस वर्षं आधीच धूर काढला तर पॉम्पेईकर दंगल सोडून सामानाची बांधाबांध करतील. धूर पुसला. बाहुले मांडले, दिवा लावला, फोटो काढला. रेटिअरियसने जाळं उगारलेलं, आणि त्या जाळ्याची सावली आभाळावर पडलेली, व्हेसुव्हियसच्या बरोबर माथ्यावर. आभाळावर सावली पडली की ते आभाळ राहत नाही. पडदा मागे सरकवायला हवा होता, पण मागे भिंत होती. खरी.

छताने वाचवलं. रोमन रंगमंडळांवर उन्हापासून आडोसा म्हणून कापडी छत ताणत. कोलोसियममध्ये ते काम मिसेनमच्या आरमाराचे खलाशी करत, शिडांची सवय त्यांनाच. कॅलिग्युला भर दुपारी ते छत मागे ओढायला लावायचा आणि कुणालाही बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं सुएटोनियस सांगतो. एवढ्या जगाच्या राज्याचा धनी, आणि त्याला करमणूक सुचली ती लोकांना उन्हात बसवण्याची. तर आभाळ झाकायचं तर छत हवं, आणि छताला लांब, अरुंद, हलकी पट्टी हवी. बायकोच्या कपाटात साडीचे फॉल होते, नवे, घडी न मोडलेले, तपकिरी आणि मोतिया. माप तंतोतंत.

पुढे काय बोलणं झालं ते कळलेलं नाही. छत अखेरीस जुन्या उशीच्या अभ्र्याचं झालं एवढं दिसलं.

खेळाचा दिवस उजाडला. चार मित्र आले, दोन इंग्रज आणि दोन आपले. दरवाजातच त्यांनी पडदा पाहिला आणि "वा!" म्हणाले. ते मनापासून होतं. मग सगळे बसायला गेले आणि लक्षात आलं की टेबलाच्या त्या बाजूला आता कुणी बसू शकत नाही, कारण तिथे पॉम्पेई आहे. पाच माणसं तीन बाजूंना दाटीवाटीने बसली. ज्याला पलीकडचा ग्लॅडिएटर हलवायचा तो प्रेक्षकांवरून हात घालायचा. दुसऱ्याच चालीत एका कोपराने लग्न झालेल्या सामान्य पुरुषांच्या चार रांगा आडव्या केल्या. मग फासे पडू लागले. सोळा मिलिमीटरचा फासा साठपट केला की जवळजवळ एक मीटरचा चौकोनी धोंडा होतो. असे दोन धोंडे एकदम येत होते. पहिला सिनेटरांत गेला. दुसरा थेट बादशहाच्या मांडीवर, सहा वर.

"सहा धरायचा का?" एकाने विचारलं.

"बादशहावर पडलेला फासा धरत नाहीत," दुसरा म्हणाला. असा नियम कुठल्याच पुस्तकात नाही, पण सगळ्यांनी तो मान्य केला.

प्रस्तुत लेखकही त्या टेबलाशी होता आणि त्याच्या वाट्याला रेटिअरियस आला होता. त्याने जाळं फेकलं, ते चुकलं; त्रिशूळ चालवला, तो चुकला; पळाला, तर मागे अर्धगोल भिंत. प्रेक्षकांकडे बघायला त्याला एकदाही सवड झाली नाही. कुणालाच झाली नाही. सगळ्यांच्या नजरा फाशांवर आणि नियमांच्या कागदावर. रेटिअरियस सातव्या चालीला मेला, तेव्हा एक इंग्रज मित्र अवघडून उभा राहिला आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "मागचं फारच सुरेख झालंय. जरा बाजूला घेतलं तर चालेल का? हात पोचत नाही."

पडदा बाजूला घेतला. तो आता कपाटाच्या माथ्यावर आहे, आणि फोटो काढायचा असला की खाली येतो. खेळताना येत नाही.

ज्यांना एवढं वाचूनही हा उद्योग करायचाच असेल त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. मैदानाच्या कडेची भिंत साडेतीन-चार मीटरची धरली तर तुमच्या मापात ती सहा-साडेसहा सेंटिमीटर होते. मोबाईल बाहुल्याच्या डोळ्याच्या उंचीवर, अगदी टेबलाला टेकवून धरा, म्हणजे फोटोत भिंत आणि वरच्या दोन रांगा एवढंच येतं. तेवढंच करा, बाकीचे एकोणपन्नास हजार करू नका. पडदा बाहुल्यांपासून हातभर मागे ठेवा, सावली आभाळावर जाणार नाही. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी गोंद लावा. थर्माकोलवर फवारा मारण्याआधी पाण्यातल्या रंगाचे दोन जाड हात द्या आणि ते पूर्ण वाळू द्या. रांगोळी गोंदात बसवून टाका, सुटी ठेवू नका, आणि घरात मांजर असेल तर ती वाळेपर्यंत खोलीचं दार बंद ठेवा.